उष्टे आकडे

मुत्तय्या येमूलच्या लहानपणी घरातली पाचही भावंडं एकाच परातीत जेवत आणि मुत्तय्या तेवढा उपाशी उठे. दुसऱ्याची बोटं बुडालेली आमटी पाहिली की त्याच्या पोटात ढवळायचं. आईने समजावलं, बापाने झोडपलं, बोळातल्या विणकरांनी टिंगल केली. पोरगं हटलं नाही. शेवटी बापाने कंटाळून त्याला एक वेगळी वाटी आणून दिली. पुढे लग्न होऊन ईरम्मा घरात आली, तेव्हा रीतीप्रमाणे ती नवऱ्याच्या ताटात जेवायला बसली. मुत्तय्याने ते ताट तिच्यासमोरून उचललं, स्वतः घासलं आणि तिला दुसऱ्या ताटात वाढून घ्यायला लावलं. बोळातल्या बायकांनी महिनाभर तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

हे आधीच सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे झालं ते या खोडीपायी झालं. लोक म्हणतात मुत्तय्याला गर्व होता. गर्व कसला डोंबलाचा! त्याला किळस यायची. आणि मला विचाराल तर ज्याला कशाचीच किळस येत नाही, त्याच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये.

साखर पेठेत त्याने वीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून माग चालवला. लुगड्याच्या काठावरची नक्षी त्याच्यासारखी कोणी विणत नसे. पण सुताची धूळ छातीत बसली आणि चाळिशी गाठायच्या आत त्याला जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरने सरळ सांगितलं, “माग सोड. नाही सोडलास तर पाच-सहा वर्षं काढशील.” म्हणून तो एकोणीसशे तीस साली कॉलेजात शिपाई म्हणून लागला. शहरातल्या चार पैसेवाल्यांनी हौसेने काढलेलं ते कॉलेज कापसाची सरकी काढायच्या जुन्या जिनिंगच्या इमारतीत भरत असे. मुत्तय्याच्या वाट्याला फिजिक्सची प्रयोगशाळा आली. टेबलं पुसायची, बॅटऱ्यांत ॲसिड-पाणी भरायचं, तारा जोडायच्या आणि साहेब म्हणतील ते हातात द्यायचं.

तिथे एक विजेचं नाजूक यंत्र होतं. त्यातला टीचभर आरसा केसाएवढ्या तारेवर लोंबकळे आणि दिव्याचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर पाडी. यंत्रातून कणभर वीज गेली की आरसा फिरे आणि ठिपका पट्टीवर सरके. एकदा ती केसासारखी तार तुटली. दुरुस्तीला पुण्याला पाठवायची चर्चा चालू होती, तेवढ्यात मुत्तय्याने ती सांधून दाखवली. जन्मभर तुटलेलं सूत सांधणाऱ्याला त्यात विशेष ते काय! पण त्या दिवसापासून त्या यंत्राला हात लावायचा तो मुत्तय्यानेच, असं ठरून गेलं.

प्रयोगशाळेचे धनी प्रोफेसर निंबर्गीकर. कोट-फेटा, आवाज भारदस्त, खिशात तपकिरीची डबी. शिकवताना चिमूट नाकात कोंबायचे, शिंकायचे आणि ज्या रुमालाने नाक पुसलं त्याच रुमालाने भिंगं पुसायचे. त्यांची पाठ वळली की मुत्तय्या ती भिंगं पुन्हा स्पिरिटने धुऊन काढी. शास्त्रावर साहेबांची श्रद्धा होती असं म्हणतात. असेल बापडी, पण ती पुस्तकावर होती, डोळ्यांवर नव्हती.

कॉलेजाची खरी शान म्हणजे जर्मनीहून मागवलेली एक काचेची नळी. आतली हवा काढलेली, तळाशी पाऱ्याचा थेंब. एका टोकाला तार, मध्ये जाळी, पलीकडे पत्र्याचा तुकडा. ती लोखंडी पेटीत ठेवून खाली स्टोव्ह लावायचा, म्हणजे पाऱ्याची वाफ होते. आतली तार तापवली की तिच्यातून विजेचे कण सुटतात आणि जाळीकडे धाव घेतात. जाळीवर विजेचा दाब जितका जास्त, तितकी धाव जोरात. वाटेत पाऱ्याचे अणू उभेच असतात. आता या अणूचा स्वभाव असा, की थोडी थोडी शक्ती देऊ केली तर तो घेतच नाही. त्याचा ठरलेला एक हप्ता आहे. तेवढी भरली की मात्र तो सगळी गिळतो, आणि कण बिचारा रित्या हाताने जागीच बसतो. मग पलीकडे पोचणारी वीज एकदम घटते आणि भिंतीवर चढत चाललेला ठिपका मागे सरकतो. दाब वाढवत राहिलं की पुन्हा चढतो, दुसरा हप्ता भरला की पुन्हा मागे. पुस्तकात हा हप्ता चार पूर्णांक नऊ दशांश व्होल्टचा दिला होता. जगाच्या बुडाशी असलेल्या अणूला पायऱ्या आहेत, उतार नाही, हे दाखवणारी ती नळी.

साहेबांनी ती पहिल्यांदा लावली, तेव्हा पेटी धड तापायच्या आतच दाब चढवला. आत निळा उजेड भडकला आणि ठिपका पट्टी सोडून छताला गेला. दुसऱ्या वेळी जरा दम धरला. ठिपका मागे सरला खरा, पण दाब चार-नऊवर नाही, सातवर असताना. साहेबांनी पुस्तक पाहिलं, दाब दाखवणारा काटा पाहिला, पुन्हा पुस्तक पाहिलं आणि जाहीर केलं, “नळी सदोष आहे.” मग पुस्तकातली आकृती फळ्यावर काढली, खाली आकडे मांडले आणि वर्गाने ते वहीत उतरवले. झाला प्रयोग!

पुढे दरवर्षी हेच. एका पोराने उतरवताना दुसऱ्या हप्त्याच्या नऊ-आठच्या जागी नऊ-तीन लिहिलं, त्याचं बघून दुसऱ्याने, त्याचं बघून तिसऱ्याने. अकरा वह्यांत नऊ-तीन होतं आणि अकराही वह्यांवर साहेबांची लाल सही होती. मुत्तय्याला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. कापडाच्या मापापुरते कोणत्या विणकराला येत नाहीत? त्या अकरा वह्या एकावर एक रचताना त्याच्या अंगावर काटा आला. एकाने चावून टाकलेला घास दुसऱ्याने तोंडात घातलेला पाहावा, तसं त्याला झालं.

“हे उष्टे आकडे हायती,” तो बसलिंगप्पाला म्हणाला.

बसलिंगप्पा अक्कलकोटकडचा, शेवटच्या वर्षाला होता. सगळ्या वर्गात हा एकच पोरगा असा, की ज्याने साहेबांना विचारलं होतं, “सर, ठिपका मागं येताना बघायला मिळंल का?” साहेबांनी त्याला आधी वही पुरी करायला सांगितलं होतं. तेव्हापासून मुत्तय्याचा त्याच्यावर जीव.

“मामा, तुमी तरी दाखवा की,” बसलिंगप्पा म्हणाला.

“दाखवतो,” मुत्तय्या म्हणाला. “शब्द देतो तुला. तुज्या डोळ्यानं बघशील.”

दिवाळीच्या सुटीत कॉलेज ओस पडलं, किल्ल्या मुत्तय्याकडे होत्या. दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून त्याने स्टोव्ह पेटवला आणि नुसता बसून राहिला. त्याचा मामा रंगाच्या भट्टीवर होता. रंगाचं पाणी एका आचेवर धरायला घाई चालत नाही, हे त्याने लहानपणी पाहिलं होतं. दीड तास त्याने आच कमी-जास्त करत पेटी सारखी तापू दिली. मग दाब हळूहळू वाढवायला सुरुवात केली. ठिपका चढला, चढला आणि दाब सातवर येताच मागे सरला. दाब आणखी वाढवला. ठिपका पुन्हा चढला आणि बारावर, अगदी बाराच्या किंचित अलीकडे, पुन्हा मागे. मग सतराला जरा कमी. मग बावीसला जरा कमी.

लिहायची सवय त्याला नव्हती. त्याने खिशातलं सूत काढलं, फूटपट्टीवर धरलं आणि एका व्होल्टला एक इंच या हिशेबाने जिथे जिथे ठिपका मागे आला तिथे गाठ मारली. चार गाठी. मग पहिलीवर दुसरी ठेवून सूत दुमडलं, दुसरीवर तिसरी, तिसरीवर चौथी. मधले तिन्ही घेर सारखे! उलगडून फूटपट्टीवर ठेवले तर प्रत्येकी चार इंच आणि नऊ दशांश. नुसतं सुरुवातीचं टोकच लांब होतं.

मुत्तय्याला हसू फुटलं. मागावर बसणारं पोरसुद्धा सांगेल, की नक्षीचं माप कापडाच्या टोकापासून घेत नाहीत. टोकाची चार बोटं विणताना ताण बसलेला नसतो, ती सैल जातात, ती कापूनच टाकायची असतात. माप घ्यायचं ते एका फुलापासून पुढच्या फुलापर्यंत. आणि हे कोट-फेटेवाले तीन वर्षं टोकापासून मोजत बसले आणि नळीला नावं ठेवत होते!

जानेवारीत बातमी आली, की युनिव्हर्सिटीची कमिटी मुंबईहून येणार. प्रयोगशाळा पसंत पडली तर वर्ग चालू राहणार, नाही तर बंद. साहेबांनी आधीच लेखी कळवलं होतं, की पाऱ्याचा प्रयोग इथे होतो आणि उत्तर पुस्तकाबरहुकूम येतं. आता नळी लावून दाखवल्याशिवाय सुटका नव्हती. मुत्तय्या सूत घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.

“साहेब, टोकापासनं मोजू नका. गाठीपासनं गाठीपर्यंत बगा. समदं बरोबर येतंय.”

साहेबांनी सुताकडे पाहिलंसुद्धा नाही. “आता तू मला फिजिक्स शिकवणार?” म्हणाले. “माग सोडून आलास ना? मग सूत घरी ठेवून येत जा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला जुन्या तारेचं एक रीळ दिलं आणि एका लाकडी कांडीवर नीट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळायला सांगितलं. मुत्तय्याने गुंडाळलं. असं सुबक गुंडाळलं, की साहेबही “वा” म्हणाले. मग साहेबांनी ती कांडी टेबलाखाली, काट्याकडे जाणाऱ्या तारेत जोडली, म्हणजे काटा दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवणार, आणि नळी लावून पाहिली. ठिपका मागे आला तेव्हा काटा बरोबर चार-नऊवर होता. साहेबांनी समाधानाने चिमूट ओढली.

मुत्तय्याने तिथेच, त्यांच्या पाठीमागे, नव्या सुतावर गाठी मारल्या. पहिली चार-नऊवर. दुसरी सव्वाआठला किंचित पुढे. तिसरी बारालाही पोचली नाही. मधलं अंतर साडेतीन इंचसुद्धा नव्हतं. काट्याला खोटं दाखवायला लावलं होतं, आणि तेही एकाच जागी खरं वाटावं म्हणून बाकी सगळ्या जागी खोटं. आणि ते खोटं मुत्तय्याच्या बोटांनी गुंडाळलेलं होतं.

“साहेब, ही कांडी कशापायी हे आधी सांगितलं असतं तर म्या गुंडाळली नसती,” तो म्हणाला.

“परवा कमिटीसमोर तोंड उघडलंस तर तेरवापासून येऊ नकोस,” साहेब म्हणाले. “जा मागावर आणि खोकत बस.”

त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने तीनदा हात धुतले. ताट समोर आलं, तर घास उचलवेना. ईरम्मा दारात कांड्या भरत बसली होती, तिने चाक थांबवलं.

“अवं, काय झालं? भात कच्चा राहिला का?”

“भाताचं काय न्हाय. ह्या हातानं खाऊ वाटंना.”

त्याने सगळं सांगितलं. ईरम्माला नळी कळली नाही, अणू कळला नाही. कांडी मात्र बरोबर कळली. आत सूत कमी भरून वरून कांडी फुगवणाऱ्या बायका बोळात थोड्या नव्हत्या.

“काढून टाका की ती,” ती म्हणाली.

“काढली तर नोकरी जाती. डॉक्टर काय म्हनला हाय, ध्यानात हाय ना?”

“हाय की.” तिने चाकाला हात लावला आणि पुन्हा थांबवला. “पर तुमी असं उपाशी बसून तरी किती वरसं काडनार?”

मुत्तय्याने ताट झाकून ठेवलं. कमिटीच्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी गेला, टेबलाखाली वाकला, ती कांडी सोडवली आणि तार मूळ जागी जोडली. कांडी त्याने आपल्या डब्याच्या पिशवीत टाकली. मग स्टोव्ह पेटवला आणि दीड तास आच सांभाळत बसला.

कमिटीत तिघे होते. दोघांना जेवणाची घाई होती. तिसरे म्हातारे, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. विद्यार्थ्यांना बाहेरच्या व्हरांड्यात उभं केलं होतं. आत गर्दी नको, असा साहेबांचा हुकूम. काळे पडदे पडले, ठिपका भिंतीवर उमटला. साहेब काट्याकडे न बघताच बोलू लागले. ठिपका मागे सरताच खणखणीत आवाजात म्हणाले, “चार पूर्णांक नऊ!”

“सात,” म्हातारे म्हणाले.

साहेब वाकले. टेबलाखाली हात घालून चाचपडले. हात रिकामा बाहेर आला, तेव्हा त्यांच्या नजरेने मुत्तय्याला जाळून टाकलं असतं.

“या अडाण्यानं जोडणीला हात लावलाय! नळीही जरा सदोष आहे, मी आधीच—”

“पुढे जाऊ द्या,” म्हातारे म्हणाले.

मुत्तय्याने दाब वाढवला. बाराच्या अलीकडे. सतराच्या अलीकडे. बावीसच्या अलीकडे. म्हातारे प्रत्येक वेळी काट्यावर चष्मा टेकवून पाहत होते. शेवटी त्यांनी साहेबांना विचारलं, “यावरून तुम्ही काय सांगाल?” साहेब नळीबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, जर्मन कारखान्याबद्दल बोलले. घाम पुसायला त्यांनी तोच रुमाल काढला.

तेव्हा मुत्तय्याने दिवाळीतलं सूत खिशातून काढून म्हाताऱ्यांच्या हातात दिलं.

“ह्या गाठी बगा, साहेब. टोक सोडून द्या. टोकाला ताण बसलेला नसतो.”

म्हाताऱ्यांनी गाठीवर गाठ ठेवली. मग पुन्हा ठेवली. मग ते मोठ्याने हसले आणि सोबतच्या दोघांना सूत दाखवलं. दोन वेगळे धातू समोरासमोर आले की त्यांचा आपला असा थोडा दाब असतो, म्हणाले. पहिल्या आकड्यात तो मिसळतो, पुढच्या अंतरांत मिसळत नाही. पुस्तकात हे दोन ओळींत असतं आणि त्या दोन ओळी कोणी वाचत नाही. “अंतर बघायचं. शाब्बास!”

“तेच मी मुलांना शिकवतो,” साहेब म्हणाले.

त्यांचा आवाज जरासुद्धा कापला नाही. मुत्तय्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थोडी लाज, थोडा ओशाळेपणा, काहीतरी दिसेल असं त्याला वाटलं होतं. नाकाखाली तपकिरीचा डाग तेवढा दिसला.

वर्ग चालू राहिला. साहेबांनी मुत्तय्याला काढलं नाही. उलट सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. मुत्तय्याला वाटलं, सुटलो. आता पोरं एकेक करून आत येतील, ठिपका बघतील, बसलिंगप्पा पहिला. दुसऱ्या दिवशी त्याने सकाळी सातलाच स्टोव्ह पेटवून ठेवला.

साडेआठला साहेब आले. “विझव तो,” म्हणाले आणि फळ्याकडे वळले. फळ्यावर त्यांनी चार आकडे लिहिले: सात, अकरा-नऊ, सोळा-आठ, एकवीस-सात. कालचेच. खरे. मुत्तय्याच्या हातून निघालेले. मग वर्गाला म्हणाले, “जुनी पानं फाडा. हे आकडे उतरवून घ्या. तारखा ज्याच्या त्याच्या जुन्याच ठेवा.” आणि मुत्तय्याला म्हणाले, “नळी कपाटात ठेव, कुलूप लाव. आकडे मिळाले. आता उगाच फुटायला नको.”

चोवीस टाक कागदावर कुरकुरू लागले. मुत्तय्या स्टोव्हजवळ उभा राहून ऐकत होता. घरात नवी चूल मांडून, अंघोळ करून, सोवळ्याने रांधलेलं अन्न चोवीस जणांनी हात घालून चिवडावं, तसे ते आकडे त्याच्यासमोर उष्टे होत होते. पुस्तकातले खोटे उतरवले तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं. हे तर खरे होते! तो बसलिंगप्पाच्या बाकाजवळ गेला.

“तू थांब. स्टोव्ह अजून गरम हाय. साहेब गेलं की दाखवतो.”

बसलिंगप्पाने मान वर केली नाही. “आकडे मिळाले की, मामा. आता कशाला? सही घ्यायची हाय.”

मुत्तय्याने नळी पुसली, कापसात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. पिशवीतली ती कांडीही काढून शेजारी ठेवली. जाताना कॉलेजचं काही अंगावर नको. मग चपला घालून साखर पेठेत आला आणि तीन वर्षं झाकून ठेवलेल्या मागावरचं फडकं काढलं. ईरम्माने भात टाकला आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

डॉक्टरचा हिशेब फारसा चुकला नाही. अडतीस सालापर्यंत मुत्तय्या चार धागे विणून एकदा खोकायला थांबू लागला होता. त्या वर्षी एका दुपारी बसलिंगप्पा दारात उभा राहिला. अंगावर कोट. तो आता त्याच प्रयोगशाळेत पोरांना प्रयोग दाखवणारा डेमॉन्स्ट्रेटर होता. निंबर्गीकर प्रिन्सिपल झाले होते. बसलिंगप्पाच्या काखेत एक जाड रजिस्टर होतं.

मुत्तय्याला खरंच आनंद झाला. लपवायचं कशाला, त्याचे डोळे भरले. ईरम्माने लगबगीने दोन ताटं घेतली, भाकरी वाढली, वाटीत आमटी ओतली.

“नळी कशी हाय रे?” मुत्तय्याने विचारलं.

“बरी हाय. कपाटात हाय.”

“लावतो का न्हाय?”

“न्हाय लावत.” बसलिंगप्पा खाली बघत म्हणाला. “आकडे हायत की. तेच देतो पोरांना.”

“तू बगितलास का ठिपका? कदी?”

“न्हाय.”

मग त्याने रजिस्टर उघडलं. पुन्हा कमिटी येणार होती, नळी लावून दाखवा म्हणणार होती आणि लावायची कशी हे आता कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून साहेबांनी तोड काढली होती. नळी मोडीत काढायची. रजिस्टरात लिहून तयार होतं: ‘शिपाई मुत्तय्या येमूल याच्या हातून फुटली.’ तारीख पाच वर्षांमागची. खाली सहीची जागा मोकळी होती.

“तुमाला काय तोटा न्हाय, मामा,” बसलिंगप्पा घाईघाईने म्हणाला. “जुनी गोष्ट. कोन इचारायला येतंय? नुसतं एक नाव लिवा हितं. माजी नोकरी हाय तितं.”

“माज्या हातनं फुटली?”

“लिवायचं तसं, झालं.”

मुत्तय्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. नखांत खळ होती, बोटांना सुताचे व्रण होते. ह्या हातांनी एकदा खोटं गुंडाळलं होतं आणि ते धुऊन काढायला त्याने आपली छाती दिली होती. त्याला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही. बसलिंगप्पा पेन पुढे धरून, टोपण काढून, तसाच बसून होता. ते पाहून मुत्तय्याला लहानपणची ती परात आठवली.

त्याने रजिस्टर मिटलं आणि बसलिंगप्पाच्या मांडीवर ठेवलं. मग ईरम्माकडे वळला.

“ह्याच्यापुडचं ताट उचल.”

ईरम्मा दचकली. दारात आलेल्या माणसापुढचं वाढलेलं ताट त्या घरात कधी कोणी उचललं नव्हतं.

“अवं, जेवू तर द्या त्याला.”

“स्वच्छ हाय ते,” मुत्तय्या म्हणाला. “ह्याला न्हाय चालायचं.”

ईरम्माने ताट उचललं. बसलिंगप्पा रजिस्टर काखेत घेऊन बाहेर गेला. मुत्तय्या खड्ड्यात उतरला, नव्या लुगड्याच्या टोकाची सैल चार बोटं कुठवर गेली आहेत ते बोटांनी चाचपून पाहिलं आणि विणायला लागला.